उणे तीन, हिरवा

सकाळी कंपनीच्या बसमधून उतरले तर गेटपाशीच झेंडूची पोती रचून ठेवलेली. वॉचमनला स्वतःच्या खुर्चीवर बसायला जागा उरली नव्हती. म्हटलं, आली बाई खंडेनवमी! चाकणला ऑक्टोबरचं ऊन असं की नऊ वाजताच शेडचे पत्रे तापून वाजायला लागतात. आत मशिन गार ठेवणाऱ्या कूलंटचा आंबूस वास, बाहेर झेंडूचा कडवट वास. हे दोन वास एकत्र नाकात गेले की मला अजून धडकी भरते आणि लगेच हसूही येतं. धडकी भरते ती नवी सिस्टीम आणली त्या वर्षीची, आणि हसूही त्याच वर्षीचं.

आमची कंपनी दुचाकीच्या इंजिनात बसणाऱ्या पिना बनवते. पिन म्हणजे बोटभर लांबीची गुळगुळीत पोलादी नळी, पिस्टनला धरून ठेवणारी. मी तिथे संगणक विभागात आहे. विभाग म्हणजे मी, एक कपाट आणि मर्जी असेल तरच चालणारा एक प्रिंटर. राहायला दिघीला. बसमध्ये रोज सव्वा तास जातो आणि त्यात मी फालतू विचार करते. नवरा म्हणतो, "तुला पगार विचार करायचा मिळतो आणि तू तो बसमध्ये फुकट करतेस." असू दे.

त्या फालतू विचारांतला माझा आवडता विषय म्हणजे भाषा. वडील उदगीरकडचे, इथे नोकरीला आले. घरात आम्ही "काय करूलालीस" म्हणायचो आणि शाळेत "काय करतेयस". चुकून घरचं शाळेत बाहेर पडलं की पोरी तोंड दाबून हसायच्या. आता कारखान्यात तिसरीच तऱ्हा: "भावा, पहले शिफ्ट का हँडओव्हर दे, मग चहाला जा." यातली चांगली भाषा कोणती असं कुणी विचारलं तर मी उलट विचारते, बोलायचंय कुणाशी?

संगणकाच्या भाषांचंही तसंच. कॉलेजातून नवीन आलेली मुलं मला विचारतात, मॅडम, बेस्ट लँग्वेज कुठली? अरे, बेस्ट असती तर बाकीच्या कशाला जगल्या असत्या! सी ही भाषा आमच्या टूलरूमच्या मिस्त्रीसारखी. हातोडा मागितला की देते, बोट सांभाळायचं तुमचं तुम्ही. पण वेगाला तोड नाही, आणि जुन्यात जुन्या डब्यावरही चालते. जावामध्ये साधं पाणी मागायचं तरी आधी अर्ज, अर्जाला नमुना, नमुन्याला शिक्का. कंटाळा येतो, पण पन्नास माणसं एकाच कामावर बसली की तेच अर्ज उपयोगी पडतात. जावास्क्रिप्टला पाचात तीन मिळवायला सांगा, आठ येतील. तोच पाच अवतरणचिन्हात अडकलेला असेल तर त्रेपन्न देईल, आणि वजा करायला सांगितलं तर पुन्हा शहाण्यासारखी दोन देईल. आणि पायथन? पायथन गोड. वाचताना माणसानं लिहिल्यासारखी वाटते. थोडी हळू चालते आणि ओळ जागच्या जागी आत ढकलली नाही की रुसून बसते, एवढंच. मी पायथनच्या प्रेमात होते, आणि प्रेमात माणूस जे करतं तेच मी केलं. नीट चौकशी केली नाही.

तर, काळोखे काका. देहूरोडच्या पलीकडचं मावळातलं गाव, घरची थोडी भातशेती, आणि आमच्याकडे पिना मोजायच्या स्टेशनवर नोकरी. आयटीआय झालेला फिटर माणूस. चाळिशीत असताना यांच्या मनात आलं की पिना गेजवर, म्हणजे माप दाखवणाऱ्या तबकडीवर, सुई बघून निवडायच्या त्या संगणकानं निवडाव्यात. मग चिंचवडला क्लास लावला. पहिल्या बाकावर पांढरे होऊ लागलेले केस आणि मागे सगळी कॉलेजची पोरं. सहा महिन्यांत सी शिकून काकांनी तो प्रोग्राम लिहिला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, ना चित्र ना बटण. पुढची अठरा वर्षं आमच्याकडून बाहेर गेलेली एकूण एक पिन त्या प्रोग्रामखालून गेली.

काम सांगायला सोपं आहे. पिनेचं जे ठरलेलं माप, ते शून्य. पिन त्याहून बारीक निघाली तर उणे, जाड निघाली तर अधिक, आणि सगळं मायक्रॉनमध्ये, म्हणजे डोळ्याला दिसणार नाही इतकं. बारीक पिनेला पिवळा ठिपका, जाड पिनेला लाल, मधल्या पिनेला हिरवा. फारच बारीक किंवा फारच जाड असेल तर भंगार. पलीकडे गिऱ्हाईक कंपनीत त्याच रंगाचा पिस्टन तिची वाट बघत असतो. रंग चुकला तर पिन घट्ट बसेल नाहीतर खुळखुळेल, आणि मग इंजिन आवाज करेल. काकांनी या सगळ्यासाठी एकच ओळ लिहिली होती: आलेल्या मापाला पाचनं भागा आणि फक्त पूर्णांक ठेवा. शून्य आलं तर हिरवा, उणे एक आलं तर पिवळा, अधिक एक आलं तर लाल, आणखी पुढे गेलं तर भंगार. मला ती ओळ फार आवडायची, अजूनही आवडते.

पण तो जुना संगणक म्हातारा झाला. पंखा बंद पडला की सुटा भाग मिळेना, जुन्या बाजारातही मिळेना. मोठ्या साहेबांनी मला सांगितलं, सगळं पायथनमध्ये आणा, दसऱ्याच्या मुहूर्तावर नवीन सिस्टीम सुरू करू. काका त्याच महिन्याच्या अखेरीला रिटायर होणार होते. "बरं झालं," काका म्हणाले, "मी अन् माझा डबा संगंच घरी जातो." मी काकांच्या ओळी एकेक करून पायथनमध्ये आणल्या. भागाकारापाशी आल्यावर पायथनचा पूर्णांकाचा भागाकार लिहिला, त्याला तिथं दोन तिरप्या रेघा असतात, आणि पुढं गेले. गाणं गुणगुणत गेले असेन, मला माझी सवय माहीत आहे.

सातव्या माळेला चाचणी ठेवली. एकच पिन आधी जुन्याकडे, मग नव्याकडे. नवरात्राच्या रंगाप्रमाणे साडी नेसून ऑफिसातल्या आम्ही सगळ्या बायका तयार, फोटोसुद्धा काढून झाले. पहिल्या ट्रेला काही झालं नाही. दुसऱ्या ट्रेत एका पिनेला जुना म्हणाला हिरवा, नवा म्हणाला पिवळा. मग आणखी एक. मग जुना पिवळा म्हणतोय ती पिन नवा सरळ भंगारात टाकायला लागला. दुपारपर्यंत टेबलावर वादातल्या पिनांचा ढीग झाला.

आमचे क्वालिटीचे देशपांडे साहेब वाईट माणूस नव्हेत. पण नियमाला पक्के. त्यांनी गटांच्या मापांचा सध्याचा कागद काढला. त्यात लिहिलेलं, प्रत्येक गट पाच मायक्रॉनचा. साहेबांनी पिना मांडल्या, मोजल्या आणि चष्मा काढून म्हणाले, "काळोखे, तुमचा हिरवा गट उणे चारपासून अधिक चारपर्यंत जातोय. हे नऊ झाले. पाच नाही, नऊ." कुणीतरी मागून म्हणालं की अठरा वर्षांत एक तक्रार आली नाही साहेब. त्यावर साहेब म्हणाले, "तक्रार आली नाही म्हणजे चूक नाही असं मला कागदावर लिहिता येत नाही. दसरा झाला की मला गिऱ्हाइकाला कळवावं लागेल. आजवर गेलेला सगळा माल संशयात आहे."

काकांनी एवढंच विचारलं, "म्हंजी माझ्या हातनं झालं?" साहेबांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. पंधरवड्यात माणूस शाल-श्रीफळ घेऊन घरी जायचा, तो आता हे घेऊन जाणार होता. आणि ते त्याच्या हातात ठेवणारी मी होते. माझाच नवा प्रोग्राम.

दुसऱ्या दिवशी मी टेबलावरचा ढीग पुन्हा मांडला आणि माझ्या लक्षात आलं की भांडण सगळं एकाच बाजूचं आहे. जाड पिनांवर दोघांचं एकमत. भानगड फक्त उण्याची. मी पायथनला नुसतं विचारलं: उणे तीन भागिले पाच, पूर्णांक सांग. ती म्हणाली, उणे एक. सीला विचारलं. ती म्हणाली, शून्य. आता बोला! दोघींचंही गणित बरोबर. पूर्णांक करताना सी उरलेलं तोडून शून्याकडे वळते, आणि पायथन नेहमी खालच्या बाजूला उतरते. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टसारखं समजा. तळमजल्यापासून वीतभर खाली गेलात की पायथन म्हणते तुम्ही तळघरात. सी म्हणते, अहो, दारातच तर आहात. कुणी खोटं बोलत नाही. प्रत्येकीला आपापल्या घरचं वळण आहे, इतकंच.

कारण सापडलं म्हणून मी उड्या मारल्या असत्या, पण उडी अर्ध्यातच थांबली. फरक का पडतो ते कळलं, बरोबर कोण ते कुठे कळलं? उलट देशपांडे साहेबांचं म्हणणं आणखी घट्ट झालं. सीच्या या वळणामुळेच हिरवा नऊचा झाला होता. मग हा नऊचा हिरवा काकांनी जाणूनबुजून ठेवला होता, की काकांना पत्ताही नव्हता आणि भाषेनं तो परस्पर करून टाकला होता? एवढाच प्रश्न उरला, आणि त्याचं उत्तर एकाच माणसाकडे होतं.

काका कॅन्टीनमध्ये बसले होते. समोर डबा, झाकण न काढलेला. मी विचारलं, "काका, नीट आठवा. हिरवा गट मोठा ठेवायचा असं तुम्ही ठरवलं होतं ना?"

"ठरवलं आसंल," काका म्हणाले.

"असंल नाही काका! हो की नाही सांगा."

"आगं, गेजाची सुई शून्याच्या डावीकडं गेली काय अन् उजवीकडं गेली काय, चार खुणांपत्तोर हिरवाच, एवढं माझ्या हाताला ठावं हाय. पर ते मला कुणी सांगितलेलं का मीच धरलेलं, न्हाई आठवत. काल दिसभर आठवतुया." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, खरंच चुकलो आसंन तर गं?"

मला त्या क्षणी काकांचा राग आला, खरं सांगते. एक ओळ! प्रोग्रामच्या शेजारी माणसासाठी एक ओळ लिहिता येते, संगणक ती वाचतही नाही. अठरा वर्षांपूर्वी तिथं एक वाक्य लिहिलं असतं की हे असं का आहे, तर आज तोंडचं पाणी पळालं नसतं. मी तसं बोलूनही दाखवलं, माझं तोंड फटकळ. काका म्हणाले, "ज्याला सुई दिसतीया, त्याला काय लिवून सांगायचं?" मी डबा त्यांच्यापुढे सरकवला, त्यांनी झाकण काढलं नाही. आम्ही दोघं त्या बंद डब्याकडे बघत बसलो.

कुठलीही भाषा घ्या, सगळं कधीच सांगत नाही ती. वडील घरी आले की आई विचारायची, "आलाव?" समोर उभा माणूस, आलाव काय विचारतेस? पण त्यात जेवण, दिवस, तब्येत, सगळी विचारपूस असायची. बाहेरच्याला ती कळायची नाही. सीतली काकांची ती एक ओळ तशीच होती. मी नुसते शब्द उचलून आणले, विचारपूस तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी जुनं-नवं सगळं बाहेर काढून पुसतात आणि पूजेला मांडतात. मशिनांना झेंडूच्या माळा, हातोड्या-पान्यांना हळदकुंकू, माझ्या कीबोर्डवर दरवर्षी एक फूल आणि अक्षताही. त्या अक्षता पुढे दिवाळीपर्यंत बटणांखालून निघतात. टूलरूमचं लोखंडी कपाट वर्षात त्याच दिवशी रिकामं होतं. कंपनीचं पहिलं हातगेज, पहिला पाना, आणि लाकडाची एक पेटी. ती पेटी कुणी उघडत नाही, वरूनच हळदकुंकू वाहून परत ठेवतात. दरवर्षीचं कुंकू साचून तिचं झाकण लालभडक झालेलं.

काका पूजेला आले नव्हते, मागे पाण्याच्या टाकीपाशी उभे होते. मी पेटीला कुंकू लावायला वाकले आणि का कोण जाणे, विचारलं, "यात आहे काय हो?" टूलरूमचे मिस्त्री म्हणाले, "मास्टर. संगणक यायच्या आधी काळोखे ज्याच्यावर गेज लावायचे ते." मास्टर म्हणजे नमुन्याची पिन, जिच्या मापावर बाकीच्यांचं माप ठरतं. मी झाकण ओढलं. कुंकवानं ते चिकटून बसलं होतं, स्क्रू ड्रायव्हर घालावा लागला. मिस्त्री ओरडले, "ओ मॅडम, पूजेची आहे!" तोवर उघडलं होतं.

आत मखमलीच्या खाचांत चार पिना होत्या, प्रत्येकीच्या शेजारी पितळी पट्टी, पट्टीवर कोरलेला आकडा. उणे नऊ, पिवळा ठिपका. अधिक नऊ, लाल ठिपका. आणि मधल्या दोन: उणे चार आणि अधिक चार. दोघींवर हिरवा ठिपका. रंग फिका झाला होता, पण हिरवा तो हिरवाच. झाकणाच्या आत घडी घातलेला कागद, त्यावर हेच चार आकडे, हेच रंग, आणि खाली गिऱ्हाईक कंपनीची मंजुरी, सही-शिक्क्यासकट.

मी किंचाळले. पूजेत किंचाळले! देशपांडे साहेब हातात आरतीचं ताट घेऊन तसेच आले. त्यांनी ताट माझ्याकडे दिलं, कागद वाचला, उलटा करून वाचला, पिना उजेडाला धरल्या. मग म्हणाले, "मधला गट मोठा, तो ठरवूनच. पुढं कुणीतरी नवीन कागद करताना सरसकट पाच लिहून मोकळं झालं." आणि ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "काळोखेंचं बरोबर आहे. चूक नव्या प्रोग्रामची आहे."

म्हणजे माझी. भर मंडळीत, मोठ्या साहेबांसमोर, मुहूर्ताच्या आदल्या दिवशी. आणि मी आरतीचं ताट धरून खुदूखुदू हसत होते. आपण चुकलो याचा एवढा आनंद झालेला मला आधी आठवत नाही, आणि नंतरही नाही. अंगावरून ओझं उतरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी खांद्यांत कळलं, खरोखर खांद्यांत. अठरा वर्षं आम्ही त्या पेटीला नमस्कार करत होतो आणि कुणाच्याही मनात आलं नव्हतं की तिला काही विचारावं.

काकांना मिस्त्रींनी हाताला धरून आणलं. त्यांनी हिरव्या ठिपक्याची उणे चारची पिन तळहातावर घेतली, अंगठ्यानं पुसली. "व्हय," म्हणाले, "ही. हिच्यावरच लावायचो की गेज." आणि तिथेच स्टुलावर बसले. मग म्हणाले, "माझा डबा कुटं ठिवलाय?" कालचा नव्हे, आजचा. भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा. आरतीच्या आधीच बसले जेवायला आणि कुणीही अडवलं नाही.

मी जाग्यावर जाऊन त्या दोन तिरप्या रेघा खोडल्या आणि काकांसारखं शून्याकडे वळायला पायथनलाही शिकवलं. तिला ते येतं, फक्त सांगावं लागतं. मग काकांना बोलावलं आणि म्हटलं, आता ती एक ओळ सांगा, मी लिहिते. ते म्हणाले, मीच लिवतो. इंग्रजी अक्षरांत मराठी, दोन बोटांनी, एकेक बटण शोधत काकांनी लिहिलं: सुई डावीकडं गेली तरी चारपत्तोर हिरवाच. त्याखाली मी माझी ओळ जोडली: इथे मी चुकले होते.

दसऱ्याला सिस्टीम सुरू झाली. महिनाअखेरीला काका शाल-श्रीफळ घेऊन घरी गेले, आणि बरोबर नुसतं शाल-श्रीफळच गेलं.

आता ऐकते आहे की पुढच्या वर्षी हे सगळं आणखी कुठल्या नव्या भाषेत न्यायचं आहे. वेगवान आहे म्हणतात, चुका करूच देत नाही म्हणतात. असेल बाई. प्रत्येक नवी भाषा असंच म्हणत येते आणि येताना आपलं काहीतरी वळण घेऊन येते. मला भीती वाटत नाही. मी तिला आधी उण्याचा भागाकार विचारीन, मग चहापाणी.

आज दुपारी पूजा आहे. काका येतीलच, दरवर्षी येतात, गावाहून मोटारसायकलवर, इस्त्रीची टोपी घालून. माळा बघत नाहीत, साहेबांना भेटत नाहीत, सरळ माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहतात. "पोरी, उणे तीन टाक की." मी टाकते. काका पडद्याकडे वाकून बघतात, जणू या वर्षी काही वेगळं येणार आहे. हिरवा येतो. मग ते टोपी काढून टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "हां. आता आणा जिलबी."